येल्मरची साखळी

...आणि कागद नाही! संडासात कागद नाही हो! एक चिटोरं नाही! मी आत, दाराला कडी, आणि बाहेर माझा नवरा येल्मर दाराला तोंड लावून शांतपणे समजावतोय, "हिस्के, घाबरू नकोस, माल वाटेवर आहे." माल! वाटेवर! अहो, मी कुठल्या अवस्थेत बसलेय, आणि हा मला माल वाटेवर आहे म्हणून सांगतोय! मी म्हटलं, "अरे मेल्या, जिन्याखालचं कपाट भरून गठ्ठे असायचे, ते कुठं गेले?" तर म्हणतो, "साठा म्हणजे नासाडी, हिस्के. लागेल तेव्हा आणि लागेल तेवढंच आणायचं. पुरवठ्याची साखळी असते ती." साखळी म्हणे! आणि वार कुठला? रविवार! आमच्या बोल्सवर्ड गावात रविवारी मांजरसुद्धा धंदा करत नाही, आणि ह्याची साखळी वाटेवर! शेवटी मी दारावर लाथ घातली तेव्हा फटीतून शुक्रवारचं वर्तमानपत्र सरकवलं. कोर्सचं पुस्तक हातातच होतं हो त्याच्या, जाड, गुळगुळीत पानांचं... पण ते नाही दिलं! ते पवित्र!

आता तुम्ही म्हणाल, चांगला शहाणासुरता माणूस, असा कसा झाला? कोर्स हो, कोर्स! "पुरवठा साखळी आणि व्यावसायिक खरेदी: प्राथमिक ओळख." लेउवार्डन शहरात, दर बुधवारी. तुम्हाला सांगते, प्राथमिक ओळखीवर कुणी लग्न करतं का? हा तर संसार थाटून बसला! आणि शिकवायला कोण? एक तिशीतला मास्तर, पांढरे बूट, आत मोजे नाहीत. हॉलंडच्या उत्तर टोकाला, आमच्या फ्रीसलंडात, मार्च महिन्यात, मोजे नाहीत! ज्याला स्वतःच्या घोट्यांसाठी मोजे खरेदी करता आले नाहीत, त्यानं माझ्या नवऱ्याला खरेदी शिकवली!

बरं, ह्याला शिकायची गरज काय होती? आमचा चॉकलेटच्या अक्षरांचा कारखाना. आमचा म्हणजे सासूबाईंचा, बाउक्येबाईंचा. ऐंशी ओलांडली तरी वाऱ्यापावसात सायकल मारत कारखान्यात येतात, आणि आल्या की बॉयलरसुद्धा आवाज कमी करतो. पाच डिसेंबरला सिंटरक्लासचा, भेटी वाटणाऱ्या संताचा, सण आला की घरोघरी ज्याला त्याला आपापल्या नावाचं पहिलं अक्षर मिळतं, चॉकलेटचं, लहानथोर सगळ्यांना. ते आम्ही ओततो. सगळी अक्षरं वजनाला सारखी हं! आय दिसतो काडीसारखा म्हणून जाड ओतायचा, डब्ल्यू ऐसपैस म्हणून पातळ. नाही तर एकाच घरातली इनेका आणि वाउटर एकमेकांच्या झिंज्या ओढतील. वर्षाची सगळी कमाई त्या एका सणावर. पाच डिसेंबर उलटला की उरलेल्या अक्षराला कुत्रं विचारत नाही.

आणि येल्मर खरेदी बघतो. साखर, कोको, गोंद, खोकी. वर्षानुवर्षं ह्याची पद्धत काय? फोन उचलायचा, "हार्मेन, खोकी पाठव," फोन ठेवायचा. झाली खरेदी! उरलेला दिवस कॉफी. हार्मेन म्हणजे शेजारच्या गावातला खोकीवाला. दोघं एका बाकावर शिकले, एका तळ्यावर स्केटिंग शिकले, एकाच दिवशी बर्फ फुटून एकाच भोकात पडले. त्याची खोकी कशी... घट्ट, नीट, पुढं पारदर्शक खिडकी, त्यातून अक्षर दिसतंय. कुणाची तक्रार नाही. पण आता येल्मर शिकलेला!

एप्रिलात ह्यानं फोन लावला. मी समोर बसून बिलं लावत होते, सगळं ऐकलं. "हार्मेन, हे बघ, ह्यात वैयक्तिक काही नाही. मी पुरवठादारांचं मूल्यमापन केलं." पलीकडून हार्मेन म्हणाला असणार, कुठले पुरवठादार? मी एकटाच तर आहे! तर हा म्हणतो, "तेच. तू एकटाच होतास. मी बाजार खुला केला." आणि बाजार खुला करून घेतला कोण? तर पृथ्वीच्या पाठीमागचा कुठलासा कारखाना! त्याचंही खोकंच, तीच खिडकी, फक्त दमडी कमी, आणि यायचं कसं? जहाजानं! मी म्हटलं, "अरे, हार्मेन सायकलवरून खोकी आणून देईल इतका जवळ आहे." तर माझ्याकडे असा बघितला... त्या मास्तरानं मोजे विचारणाऱ्याकडे बघावं तसा. "हिस्के, तुला फक्त खोकं दिसतं. मला साखळी दिसते."

साखळी म्हणे!

मग गोदाम. हार्मेनची गेल्या वर्षीची खोकी होती त्यात, छताला लागतील एवढी. ती गेली रद्दीत. का? साठा म्हणजे नासाडी! रिकामं गोदाम बघून ह्याला हौस आली, तिथं लोकांच्या कॅराव्हॅन, गाडीमागं ओढत न्यायच्या चाकांवरच्या खोल्या, ठेवायला घेतल्या भाड्यानं. चॉकलेटच्या कारखान्यात कॅराव्हॅन! एकीतून तर वर्षभर भिजत पडलेली कुत्र्याची गादी... जाऊ दे. सासूबाईंनी विचारलं, "येल्मर, माझ्या गोदामात हे काय?" म्हणाला, "आई, जागेचा पुरेपूर वापर." त्या म्हणाल्या, "तुझ्या डोक्यातल्या जागेचाही कर की कधी." पण त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं, सगळा उन्हाळा त्या अंथरुणात. म्हणजे साखळीला रान मोकळं!

आणि मग तो अंदाज. मागणीचा अंदाज! आजवर आम्ही काय करायचो? मागच्या वर्षी जेवढी अक्षरं गेली, साधारण तेवढीच ओतायची. एम भरपूर, कारण घरोघरी मम्मा. पी भरपूर, पप्पा. आणि ओ तर विचारूच नका, ओमा आणि ओपा, आजी आणि आजोबा, असं एक घर दाखवा जिथं आजी नाही! पण नाही. येल्मर म्हणाला, "हे अंधारात चाचपडणं झालं. मास्तर म्हणतात, माहितीवर चाला." मग ह्यानं माहिती आणली. देशात जन्मलेल्या बाळांची नावं! कुठलं नाव किती बाळांना ठेवलं, त्यावरून कुठलं अक्षर किती ओतायचं. आणि आजकालच्या आया पोरांना नावं काय ठेवतात? क्विन! क्विन्टेन! क्विरिन! झालं... ह्यानं क्यू ओतायला घेतले. आमच्या कारखान्यात क्यूचा साचा नावाला होता हो, कोपऱ्यात, जाळं धरलेला! त्या साच्याला आयुष्यात पहिल्यांदा कामाची सवय लागली. आणि ओ? ओनं कुणाचं नाव सुरू होतं हल्ली? कुणाचंच नाही! म्हणून ओ ओतले जेमतेम एक परात.

मी म्हटलं, "अरे, तू स्वतः दरवर्षी आईला काय देतोस?"

"ओ," म्हणाला.

"मग?"

"एक उदाहरण म्हणजे माहिती नव्हे, हिस्के."

अहो, एक उदाहरण! त्याची आई! जिवंत, गुडघा बदललेली!

बरं, इथंच थांबेल तर येल्मर कसला? ऑक्टोबर संपत आला, अक्षरं ओतून झाली, तर ह्याला ओतायचं मशीन रिकामं दिसलं. रिकामं मशीन म्हणजे काय? तुम्ही म्हणा... हां, नासाडी! दिलं भाड्यानं, साच्यांसकट, दक्षिणेकडे कुणी इस्टरच्या सणाचे चॉकलेटचे ससे करतो त्याला. ट्रक आला, मशीन गेलं, येल्मर दारात उभा राहून हात हलवतोय. लेक सासरी निघाल्यासारखा!

आता बघा काय झालं. नोव्हेंबर उजाडला. चॉकलेटची अक्षरं तयार, ट्रेवर ट्रे, नागडी! खोकी कुठंयत? जहाजावर. जहाज कुठंय? येल्मरच्या फोनमध्ये! फोनवर नकाशा, नकाशावर ठिपका, ठिपका म्हणजे जहाज. सकाळी उठला की दात घासायच्या आधी ठिपका बघायचा. "हलतंय का रे?" "हलेल." कुठल्याशा बंदराबाहेर रांगेत उभं होतं म्हणे. दुपारी जेवताना ब्रेडवर चीज आणि चीजशेजारी ठिपका. एकदा तो ठिपका हलला, हा खुर्चीतून उठला, मला मिठी मारली... आणि ठिपका उलट्या दिशेला गेला! वादळ होतं, म्हणून आणखी आत, खोल समुद्रात. तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. आणि तुम्हाला सांगते, एरवी मी ह्या माणसाला धुऊन वाळत घालते, पण तेव्हा नाही घातलं. पांढराफटक झाला होता. "हिस्के," म्हणाला, "अक्षरं दुकानात नाही गेली, तर आईचा कारखाना..."

मी म्हटलं, "कोट घाल."

"कुठं?"

"हार्मेनकडे."

गाडी मी चालवली. हा शेजारी, पुस्तक मांडीवर! आजारी माणूस बायबल घेऊन बसतो तसा! हार्मेननं दार उघडलं. चेहरा कोरा. कॉफी दिली, कॉफीबरोबर एकेक बिस्कीट, आणि डबा बंद. तो डबा बंद झाल्याचा आवाज मी विसरणार नाही. मग हार्मेन खुर्चीत मागं रेलला.

"बोल, येल्मर. तुमची गरज काय?"

"खोकी," येल्मर पुटपुटला.

"कधीपर्यंत?"

"काल."

"म्हणजे मुदत नाही. दुसरा पुरवठादार आहे?"

"...समुद्रात आहे."

"हाताशी साठा?"

मी म्हटलं, "गोदामात कॅराव्हॅन आहेत, हार्मेन."

"मग आता सांग," हार्मेन म्हणाला, "अशा वेळी घासाघीस करायची ताकद कुणाकडे असते?"

येल्मर म्हणाला, "तुझ्याकडे."

"शाबास! सहावं प्रकरण."

अहो, माझ्या हातातलं बिस्कीट कॉफीत पडलं! सहावं प्रकरण! येल्मर बघतच राहिला. तर हार्मेन उठला, कपाट उघडलं, आणि तेच पुस्तक, तेच जाड, तेच गुळगुळीत, टेबलावर आपटलं. "तू मला काढलंस ते का काढलंस, हे मला कळेना. म्हटलं, चाळीस वर्षांचा दोस्त, ह्याला काय झालं? म्हणून मी पण गेलो कोर्सला. तुझ्यामागची तुकडी." हाही! म्हणजे आता आमच्या भागात दोन साखळीवाले! मला वाटलं, आता हे दोघं खोकी सोडून प्रकरणं म्हणत बसणार. मी ओरडणारच होते...

पण हार्मेन हसत नव्हता. पुस्तकावर हात ठेवून म्हणाला, "सगळं वाचलं. एक गोष्ट मात्र कुठल्याच प्रकरणात नाही. तुझ्या त्या फोननंतर मी दोन माणसं कामावरून घरी पाठवली, येल्मर. एक त्यातला तुझाच आतेभाऊ. सीब्रेन. त्यानं तुला सांगितलं नाही?"

नाही सांगितलं. उन्हाळ्यात आमच्याकडे मासे भाजायला आला होता सीब्रेन, हसला, खाल्लं, प्यायला, एक शब्द नाही बोलला. फ्रीसलंडची माणसं! घर जळत असलं तरी हवापाण्यावर बोलतील! येल्मरनं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मला माहीत नव्हतं, हार्मेन."

"माहीत नव्हतं, कारण विचारलं नाहीस."

"आता काय करू?"

"दोघांना परत आण. तूच जायचं, फोन नाही. फोनवर तू काय बोलतोस ते मी ऐकलंय. ते आले तर मशीन सुरू करतो."

आणि गेला हो! पुस्तक माझ्या गाडीत टाकून, भर पावसात, चालत गेला. सीब्रेनकडे काय बोलणं झालं ते मला आजवर सांगितलेलं नाही. त्या दोघांना घेऊन परत आला तेव्हा तिघंही चिंब भिजलेले, आणि सीब्रेन एवढंच म्हणाला, "गोंद कुठंय?" झालं! त्या क्षणी मला वाटलं, सुटलो. माझा नवरा माणसात आला. खोकी तयार झाली, अक्षरं भरली, दुकानात गेली. मी जिन्याखालच्या कपाटात संडासाचा कागद भरून ठेवला, छतापर्यंत!

सुटलो? कसले सुटलो! फोन वाजायला लागले. पहिला स्नेक गावच्या दुकानदार बाईंचा. त्या बाई बोलत नाहीत, शिट्टी मारतात. "हिस्केऽऽ! ओ कुठंय? सगळ्या आजीवाल्यांची रांग लागलीय, आणि मी काय देऊ? क्यू? आजीला क्यू देऊ? माझ्याकडे क्यूंचा डोंगर आहे! गावात क्विन एकच आहे, आणि त्याला साखर वर्ज्य!" मग फ्रानेकरहून, मग हार्लिंगेनहून, सगळ्यांचं एकच... ओ, ओ, ओ! फोन उचलला की वाटायचं, कुणाला तरी लागलंय! आणि ओतणार कशात? मशीन दक्षिणेत, ससे जन्माला घालतंय! ओचे साचे तिकडेच, कान फुटायची वाट बघत!

येल्मर डोकं धरून बसला. "अंदाजात थोडी तफावत राहिली," म्हणाला. थोडी! तफावत! आणि तेवढ्यात दार उघडलं, सायकल भिंतीला आपटल्याचा आवाज आला, आणि सासूबाई आत. नव्या गुडघ्यानं पहिल्यांदाच. त्यांनी कॅराव्हॅन बघितल्या. मशीनची रिकामी जागा बघितली. मग दुकानांनी परत पाठवलेली क्यूंची खोकी बघितली. पोराकडे बघितलं. एक क्यू उचलला... आणि टेबलावर असा हाणला, असा हाणला, की येल्मर दोन पावलं मागं गेला! "बाळांची नावं!" त्या गरजल्या. "बाळांना दात असतात का? चॉकलेट विकत कोण घेतं? खातं कोण? मी खाते! मी!"

आणि आम्ही सगळे टेबलाकडे बघत राहिलो. क्यूची शेपटी तुटून पडली होती. वर काय उरलं होतं? ओ!

मग सासूबाईंनी दुसरा उचलला. मग मी. मग पॅकिंगच्या सगळ्या बायका. सीब्रेन आणि हार्मेनसुद्धा आले. बसलो सगळे शेपट्या तोडत! हातांना कळा, जमिनीवर चुरा, आणि येल्मर मध्येच म्हणतो काय, "पण वजन? सगळी अक्षरं वजनाला सारखी हवीत, आता हा ओ भरत नाही!" जन्मात पहिल्यांदा ह्याचा मुद्दा बरोबर होता, आणि तोही कधी आठवला? मग शेपटी त्याच खोक्यात टाकली, ओच्या शेजारी. खिडकीतून दिसायचं, एक गोल, आणि तळाशी एक शेपूट घरंगळतंय. मला तर तोंड दाखवायला लाज वाटत होती. म्हटलं, आता सगळ्या फ्रीसलंडच्या आज्या आपल्या दारात काठ्या घेऊन येणार.

आल्या का? छे! पाच डिसेंबरच्या रात्री घरोघरी काय झालं म्हणे, आजीनं ओ घेतला, आणि शेपटी मांडीवरच्या नातवंडाला दिली. बस! लोकांना तेच भलतं गोड वाटलं. सणानंतर स्नेकच्या बाईंची शिट्टी, "हिस्केऽऽ! पुढच्या वर्षी सगळे ओ शेपटीवालेच हवेत!" फ्रानेकर, तेच. हार्लिंगेन, तेच. कारखाना वाचला, हार्मेनची माणसं राहिली, सासूबाई त्या दिवसापासून बोलेनाशा झाल्या होत्या त्या पोराशी बोलायला लागल्या. शिव्याच दिल्या, पण बोलल्या. आणि जहाज? आलं ना! फेब्रुवारीत! खोकीच खोकी! गोदामात कॅराव्हॅन, म्हणून आता आमच्या बेडरूममध्ये आहेत. रात्री कूस बदलली की खोकं पडतं.

आणि येल्मर? मला वाटलं, खचला असेल, शिकला असेल, पुस्तक जाळेल. इस्टर झाला, मशीन परत आलं, आणि परवा सकाळी हा छाती काढून आला. "हिस्के, नवं नियोजन. यंदा भरपूर क्यू ओतायचे आणि शेपट्या तोडायच्या."

मी म्हटलं, "अरे, ओ वेगळा ओत, शेपटी वेगळी ओत, खोक्यात टाक. तोडायचं कशाला?"

त्यानं माझ्याकडे दयेनं बघितलं. "तुला फक्त शेपटी दिसते, हिस्के. ग्राहकाला तुटलेली कड हवी असते. त्यात हाताचा स्पर्श असतो. साखळीतला सगळ्यात मोलाचा दुवा!"

साखळी म्हणे! मी तोंड उघडलं, काय काय बोलायचं ते सगळं जिभेवर आणलं... आणि तेवढ्यात सासूबाई आतून ओरडल्या, "पोरगं बरोबर बोलतंय!"

आता काय करता? सोमवारपासून कारखान्यात नवा विभाग उघडलाय, दारावर पाटीसुद्धा लागलीय, "शेपटी विभाग". आणि तुम्हाला सांगते... मी त्याची प्रमुख आहे.